नगरसेवक वंशभेदाविरुद्ध नेमके काय करू शकतो? सिॲटलच्या क्षमा सावंत यांच्या कारकिर्दीनिमित्त एक प्रश्न

पिंपळपान:

नमस्कार. अमेरिकेतील सिॲटल शहराच्या नगर परिषदेवर जानेवारी २०१४ पासून २०२३ च्या अखेरीपर्यंत नगरसेविका असलेल्या क्षमा सावंत यांच्याविषयी मराठी वृत्तपत्रांतून जे छापून आले, ते बहुतेक दोन प्रसंगी आले. एकदा त्या निवडून आल्या तेव्हा, कारण त्यांचा जन्म पुण्याचा आणि शिक्षण मुंबईचे. आणि दुसऱ्यांदा फेब्रुवारी २०२३ मध्ये, जेव्हा त्यांच्या पुढाकाराने सिॲटलने जातीवर आधारित भेदभावाला कायद्याने बंदी घातली. या दोन बातम्यांच्या मधल्या काळात त्या सभागृहात काय करत होत्या, त्यांच्या प्रभागातील कृष्णवर्णीय व गरीब रहिवाशांना त्यांचा काय उपयोग झाला, याविषयी मराठीत सलग असे फारसे माझ्या वाचनात आले नाही.

माझा मूळ प्रश्न मात्र त्यांच्यापुरता मर्यादित नाही. वंशभेद पोलीस ठाण्यात असतो, न्यायालयात असतो, बँकेच्या कर्जखात्यात असतो, शाळेत असतो, आणि यांतील बऱ्याच गोष्टी शहराच्या हातात नसून राज्याच्या किंवा संघराज्याच्या अखत्यारीत येतात. मग ज्या नगरसेवकाने वंशभेदविरोध आणि वस्तीतल्या माणसांचे संघटन हेच आपले काम मानले आहे, त्याच्या हातात ठराव, मोर्चा आणि भाषण यांपलीकडे खरोखर काय उरते? आणि दुसरे असे की, जातिभेदबंदीचा तो कायदा हा वंशभेदविरोधाच्या परंपरेचा पुढचा टप्पा मानावा, की दक्षिण आशियाई लोकांपुरता जोडलेला एक स्वतंत्र विषय मानावा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

दूरदेशी:

पिंपळपान यांस, प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. मी अनेक वर्षे सिॲटलच्या परिसरात राहतो, म्हणून आधी शहराच्या इतिहासाबद्दल लिहितो, कारण सावंत यांचे काम त्या इतिहासाशिवाय नीट कळत नाही.

सिॲटलमध्ये घरांच्या खरेदीखतांतच अशी अट लिहिलेली असे की हे घर गोऱ्या वंशाबाहेरच्या कोणालाही विकता किंवा भाड्याने देता येणार नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला, तरी व्यवहारात घरमालक आणि दलाल त्याच रेषा पाळत राहिले. परिणामी कृष्णवर्णीय कुटुंबे शहराच्या एकाच भागात, सेंट्रल डिस्ट्रिक्टमध्ये, कोंडली गेली. ही कोंडी फोडण्याचे काम राज्याच्या राजधानीत नव्हे तर नगर परिषदेच्या सभागृहात झाले, आणि तेही दोन नगरसेवकांच्या हयातीत वाटले गेले.

पहिले विंग ल्यूक. चीनमध्ये जन्मलेले, सिॲटलमध्ये वाढलेले हे वकील १९६२ मध्ये नगर परिषदेवर निवडून आले. आशियाई वंशाची व्यक्ती त्या सभागृहात बसण्याची ती पहिलीच वेळ होती. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंश पाहण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याचा त्यांनी सभागृहात पाठपुरावा केला. परिषदेने तो विषय स्वतः निकालात न काढता मतदारांपुढे ठेवला, आणि मार्च १९६४ मध्ये मतदारांनी तो दोनास एकाहून अधिक प्रमाणात फेटाळला. ल्यूक मे १९६५ मध्ये विमान अपघातात गेले. तेव्हा ते चाळिशीचे होते. दुसरे सॅम स्मिथ. लुईझियानातून आलेले, आधी राज्य विधिमंडळात काम केलेले, १९६७ मध्ये निवडून आलेले हे सिॲटलचे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी झाली आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी, १९ एप्रिलला, सिॲटलच्या नगर परिषदेने स्मिथ यांनी पुढे नेलेला तोच कायदा एकमताने मंजूर केला. या वेळी त्यात तातडीचे कलम घातलेले होते, त्यामुळे कायदा लगेच लागू झाला आणि तो पुन्हा सार्वमताकडे नेऊन पाडण्याची वाट बंद झाली. चार वर्षांपूर्वी जी गोष्ट बहुमताच्या इच्छेवर सोडली होती, ती आता सभागृहाने स्वतःच्या जबाबदारीवर घेतली. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. अल्पसंख्याकांच्या हक्कांचा प्रश्न बहुसंख्याकांच्या मतपेटीत टाकायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकार हाच मुळी नगरसेवकाच्या हातातील एक मोठा अधिकार आहे.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की नगरसेवकाच्या हातात घर, नोकरी आणि सार्वजनिक सेवा यांतील भेदभावाविरुद्धचा शहराचा कायदा असतो, आणि तो साधा नसतो. सिॲटलच्या त्या यादीत पुढे लिंग, वैवाहिक स्थिती, लैंगिक कल, वय, अपंगत्व असे प्रवर्ग जोडले गेले. राजकीय विचारसरणीच्या कारणावरून भेदभाव करण्यासही तेथे बंदी आहे, जी अमेरिकेत इतरत्र क्वचितच आढळते. २०२३ मध्ये सावंत यांनी जात हा प्रवर्ग जोडला, तो याच यादीत. म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाबाबतही माझे मत स्पष्ट आहे: तो कायदा बाहेरून आणून चिकटवलेला नाही, तो ल्यूक आणि स्मिथ यांच्या कामाच्या ओळीत बसतो.

त्यांच्या प्रभागाविषयीही लिहायला हवे. २०१३ मध्ये मतदारांनी नऊपैकी सात नगरसेवक प्रभागवार निवडण्याची पद्धत स्वीकारली, आणि २०१५ पासून सावंत प्रभाग तीनच्या प्रतिनिधी झाल्या. या प्रभागात कॅपिटल हिल आहे आणि सेंट्रल डिस्ट्रिक्टही आहे. ज्या वस्तीत एकेकाळी कृष्णवर्णीयांना सक्तीने कोंडले होते, त्याच वस्तीतून आता भाडे परवडत नाही म्हणून ते बाहेर ढकलले जात आहेत. १९७० च्या सुमारास तेथे बहुसंख्य असलेला समाज आज अल्पसंख्य आहे. या कारणाने सावंत यांनी भाडेकरूंसाठी केलेले कायदे मी वंशभेदविरोधी कामातच धरतो, जरी त्यांच्या मजकुरात वंशाचा उल्लेख नसला तरी. हिवाळ्याच्या महिन्यांत भाडेकरूला घराबाहेर काढण्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये निर्बंध आले. २०२१ मध्ये घर रिकामे करण्याच्या दाव्यात गरजू भाडेकरूला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आला, आणि त्याच वर्षी भाडेवाढीची सूचना सहा महिने आधी देणे घरमालकांवर बंधनकारक झाले. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या एखाद्या वृद्ध बाईला ‘पुढच्या महिन्यापासून भाडे इतके’ अशी चिठ्ठी मिळणे आणि तीच चिठ्ठी सहा महिने आधी मिळणे, यात तिने ती वस्ती सोडायची की तिथेच दुसरी खोली शोधायची हा निर्णय दडलेला असतो.

टिपणवही:

दूरदेशी यांनी कायद्यांची बाजू चांगली मांडली आहे. मी कारकिर्दीचा क्रम आणि तिची किंमत यांविषयी लिहितो, कारण नुसती यशाची यादी वाचून नव्या कार्यकर्त्यांची दिशाभूल होते.

सावंत यांनी मुंबई विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेतली, पुढे अमेरिकेत अर्थशास्त्रात पीएच.डी. केली आणि २००६ मध्ये त्या सिॲटलला आल्या. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवत असताना त्या समाजवादी पक्षसंघटनेच्या कार्यकर्त्या झाल्या, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी सोळा वर्षे पदावर असलेले रिचर्ड कॉनलिन यांचा पराभव केला. प्रचाराचा मुख्य मुद्दा तासाला १५ डॉलर किमान वेतन हा होता, आणि २ जून २०१४ रोजी सभागृहाने तो टप्प्याटप्प्याने लागू करण्याचा कायदा एकमताने संमत केला. स्वतःच्या वार्षिक वेतनातील सुमारे ४०,००० डॉलर ठेवून उरलेली रक्कम त्या चळवळींच्या निधीला देत असत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलंबसच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या दिवशी मूलनिवासी जनांचा दिवस पाळण्याचा ठराव झाला, त्याच्या प्रस्तावकांत त्या होत्या. फेब्रुवारी २०२० मध्ये भारतातील नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या विरोधातील त्यांचा ठरावही एकमताने संमत झाला. पण ठराव आणि कायदा यांत गल्लत होऊ नये. ठरावाने शहराची भूमिका नोंदली जाते, कोणालाही दाद मागता येत नाही.

पोलिसांच्या बाबतीत त्यांचे काम अधिक खडतर होते. २०१६ मध्ये शहराच्या उत्तर भागात सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून नवे पोलीस ठाणे बांधण्याची योजना होती. तरुण कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी तिला विरोध केला, सभागृहातून सावंत यांनी साथ दिली, आणि त्या सप्टेंबरमध्ये महापौरांनी योजना बाजूला ठेवली. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थांची पोलिसाच्या हातून हत्या झाल्यानंतर त्यांनी मांडलेले दोन कायदे १५ जूनला एकमताने मंजूर झाले: एकाने पोलिसांना गळा दाबण्याची पकड वापरण्यास बंदी केली, दुसऱ्याने जमाव पांगवण्यासाठी अश्रुधूर आणि तत्सम साधने वापरण्यास. दुसरा कायदा लागू होण्यापूर्वीच संघराज्य न्यायालयाने त्याला तात्पुरती स्थगिती दिली, कारण सिॲटलचे पोलीस खाते २०१२ पासून केंद्रीय न्याय विभागाबरोबरच्या सुधारणा-कराराखाली आणि त्या न्यायालयाच्या देखरेखीखाली होते. नगरसेवकाच्या अधिकाराची सीमा कोठे आहे, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही: सभागृहातील नऊच्या नऊ मते मिळूनही कायदा अडकू शकतो.

किंमतीबद्दल. २०१९ च्या निवडणुकीत ॲमेझॉनने शहरातील उद्योगसमर्थक निधीला दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली, आणि मतमोजणीच्या पहिल्या रात्री सावंत मागे होत्या. टपालाने उशिरा आलेली मते मोजल्यावर त्या जिंकल्या. जून २०२० मध्ये त्यांनी रात्रीच्या वेळी निदर्शकांना सिटी हॉलमध्ये प्रवेश दिला आणि त्याच महिन्यात त्या महापौरांच्या घरावर गेलेल्या मोर्च्यात होत्या. या दोन गोष्टींवरून, तसेच मोठ्या कंपन्यांवरील कराच्या मोहिमेसाठी कार्यालयाची साधने वापरल्यावरून, त्यांना पदावरून परत बोलावण्याची मागणी झाली. शेवटच्या मुद्द्यावर त्यांनी शहराच्या नीतिमत्ता आयोगाशी तडजोड करून सुमारे ३,५०० डॉलर भरले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रिकॉल निवडणुकीला परवानगी दिली आणि ७ डिसेंबर २०२१ च्या मतदानात त्या अवघ्या ३१० मतांनी वाचल्या.

मला त्यांच्या कामाविषयी आदर आहे, तरीही एक आक्षेप नोंदवतो. ऑगस्ट २०२० मध्ये पोलिसांच्या अंदाजपत्रकात काही कपात करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा कपात फारच अपुरी आहे म्हणून त्यांनी एकट्यांनी विरोधी मत दिले. त्यामागचे तत्त्व मला समजते. पण सभागृहात कायम एकटे उभे राहणाऱ्या सदस्याला सहकाऱ्यांकडून तपशिलाच्या दुरुस्त्या करून घेणे अवघड जाते, आणि वस्तीतल्या माणसाचे बरेचसे भले अशा छोट्या दुरुस्त्यांत असते. सॅम स्मिथ १९९१ पर्यंत सभागृहात राहिले, कारण त्यांना हे दुसरे काम साधत असे.

निळीवाट:

टिपणवही यांच्या आक्षेपाला उत्तर देण्याआधी मी मूळ प्रश्नातील जातीच्या मुद्द्याकडे येते, कारण तो आम्हा दलितांसाठी तात्त्विक मुद्दा नाही.

जात आणि वंश यांना एकमेकांशेजारी ठेवून पाहणे ही सिॲटलमध्ये सुचलेली कल्पना नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांना दास्यातून मुक्त केले त्यांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती कॅलिफोर्नियातील ऑकलंड शहरात कृष्णवर्णीयांनी काढलेल्या ब्लॅक पँथर पक्षाचे नाव घेऊन. त्या पक्षाच्या कॅलिफोर्नियाबाहेरील सुरुवातीच्या शाखांपैकी एक १९६८ मध्ये सिॲटलला निघाली आणि तिचे काम सेंट्रल डिस्ट्रिक्टमध्येच चालत असे, म्हणजे पुढे सावंत ज्या प्रभागाच्या प्रतिनिधी झाल्या त्याच प्रभागात. दीडशे वर्षे ही देवाणघेवाण चालू आहे आणि तिच्यात महाराष्ट्र पहिल्यापासून आहे.

आता श्रेयाविषयी. सावंत यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे की त्या ब्राह्मण कुटुंबात वाढल्या आणि जातीचा तिरस्कार त्यांनी लहानपणी घरातच पाहिला. त्या अत्याचार भोगलेल्या बाजूच्या नाहीत, हे त्यांनी कधी लपवले नाही. या कायद्यामागचा अनुभव आमचा होता. दलित अमेरिकनांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या इक्वॅलिटी लॅब्ससारख्या संघटना, ठिकठिकाणच्या आंबेडकरवादी मंडळी, सिॲटलमधील भारतीय-अमेरिकन प्रागतिक गट आणि कामगार संघटना यांनी कित्येक वर्षे साक्षी गोळा केल्या होत्या. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये जात हा शब्द आपल्या भेदभावविरोधी धोरणात घेतला होता. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या राज्य यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध जातिभेदाचा दावा दाखल केला. त्यातील दोन व्यवस्थापकांविरुद्धचा भाग २०२३ मध्ये मागे घेण्यात आला आणि कंपनीने आरोप नाकारले, तरी त्या दाव्यामुळे हा विषय पहिल्यांदा मोठ्या कार्यालयांच्या दारात पोहोचला. सावंत यांच्या कार्यालयाने या सगळ्या कामाला सभागृहाच्या विषयपत्रिकेवर जागा दिली. नगरसेवकाने हे करणे ही थोडी गोष्ट आहे असे कोणी म्हणू नये. विषयपत्रिकेवर नसलेल्या गोष्टीवर मतदान होत नाही.

२१ फेब्रुवारी २०२३ च्या त्या सभेला मी हजर होते. सकाळपासून बोचऱ्या थंडीत लोक सिटी हॉलबाहेर रांगेत उभे होते, बाजूचे आणि विरोधातले दोन्ही. बोलायला प्रत्येकाला अगदी थोडा वेळ होता. माझ्या पुढचे गृहस्थ हातातील कागद पुन्हा पुन्हा वाचून त्यातील वाक्ये पेनाने खोडत होते, कारण कार्यालयात सहकाऱ्याने जेवणाच्या टेबलावर विचारलेला प्रश्न, त्यानंतर बदललेली वागणूक आणि शेवटी हुकलेली बढती हे सगळे एवढ्याशा वेळात बसत नव्हते. त्यांनी शेवटी बढतीचा भाग ठेवला आणि टेबलावरचा प्रश्न खोडला. मला आजही वाटते की खोडलेला भागच सभागृहाने ऐकायला हवा होता. कायदा सहा विरुद्ध एक मताने मंजूर झाला आणि सभागृहात ‘जय भीम’चा घोष झाला.

टिपणवही यांना एवढेच सांगते की, जो सदस्य एरवी एकटा पडतो त्यानेच मांडलेल्या प्रस्तावाला त्या दिवशी सहा मते पडली. ती मते सौम्य बोलण्याने मिळाली नाहीत. बाहेर रांग होती, देशभरातून पत्रे आणि ईमेल येत होते, आणि सभागृहातील प्रत्येकाला आपले मत जाहीरपणे द्यायचे होते. छोट्या दुरुस्त्यांचे राजकारण ज्यांच्यासाठी दार उघडे असते त्यांना परवडते.

समदर्शी:

चर्चा मनापासून वाचली. मी या कायद्याच्या विरोधात लिहीत आहे आणि तो विरोध जातिभेदाच्या समर्थनासाठी नाही, हे आरंभीच नमूद करतो.

विरोधात पडलेले एकमेव मत नगरसेविका सारा नेल्सन यांचे होते. पुरेसा अभ्यास आणि आकडेवारी हाती नसताना कायदा केला जात आहे आणि त्यातून हिंदूंविषयी पूर्वग्रह वाढू शकतो, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. उत्तर अमेरिकेतील हिंदू संघटनांनीही हेच सांगितले की वंश, धर्म, राष्ट्रीय मूळ आणि पूर्वजपरंपरा हे प्रवर्ग आधीपासून कायद्यात असताना जात वेगळी लिहिण्याने एका लहान समाजाकडे संशयाने पाहिले जाईल. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने असाच कायदा संमत केला, पण राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ७ ऑक्टोबर २०२३ रोजी तो नाकारला आणि असा भेदभाव सध्याच्या तरतुदींनुसार आधीच निषिद्ध आहे हे कारण दिले. एखाद्या गोऱ्या व्यवस्थापकाने भारतीय उमेदवाराची निवड करताना ‘यातून काही जातीचे लचांड तर निघणार नाही ना’ असा विचार केला, तर त्याचा फटका दलित उमेदवारालाही बसेल. वंशभेदविरोधी म्हणवणाऱ्या नगरसेवकाने या धोक्याचा विचार अधिक गांभीर्याने करायला हवा होता, असे माझे मत आहे.

पिंपळपान:

सर्वांचे आभार. समदर्शी यांच्या मुद्द्यावरून विचारतो: पूर्वजपरंपरा आणि राष्ट्रीय मूळ हे प्रवर्ग आधीच होते, तर जात लिहिल्याने तक्रारदाराच्या हातात प्रत्यक्ष काय वाढले? आणि तक्रार केली की पुढे काय होते?

दूरदेशी:

समदर्शी यांचा धोक्याचा मुद्दा खरा आहे, पण तो या कायद्याला लागू करताना मजकूर पाहावा लागेल. त्यात कोणत्याही धर्माचे किंवा देशाचे नाव घेऊन जातीची व्याख्या केलेली नाही. जन्माने मिळणारा दर्जा, जातीतच विवाह आणि रूढी, कायदा किंवा धर्म यांनी मान्य केलेल्या सामाजिक भिंती अशी ती व्याख्या आहे, आणि ती जगात जेथे जेथे असे आढळते तेथे तेथे लागू होते. तसेच ज्याला वरच्या जातीचा म्हणून हिणवले गेले त्यालाही तक्रारीचा तोच मार्ग खुला आहे. आणि भारतीय उमेदवार नको म्हणून कोणी टाळला, तर तो राष्ट्रीय मुळावरून केलेला भेदभाव ठरतो, ज्याला सिॲटलमध्ये पूर्वीपासून बंदी आहे.

पिंपळपान यांच्या प्रश्नाचे उत्तर असे. तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, दोघेही भारतीय, दोघेही हिंदू, कधी कधी दोघेही एकाच जिल्ह्यातले, अशी स्थिती असते तेव्हा राष्ट्रीय मूळ आणि धर्म या प्रवर्गांतून काहीच हाती लागत नाही. पूर्वजपरंपरा या प्रवर्गात जात बसते, असा युक्तिवाद वकील करू शकतो, पण तो आधी वकिलाला सुचावा लागतो, मग न्यायाधीशाला पटावा लागतो. या सगळ्याचा खर्च कोण करणार? कायद्यात तो शब्द स्पष्ट असला की पहिल्याच दिवशी टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला ‘हे आमच्या कक्षेत येत नाही’ असे म्हणता येत नाही. राज्यपाल न्यूसम यांच्या कारणात हीच उणीव मला दिसते.

तक्रार शहराच्या नागरी हक्क कार्यालयाकडे करता येते. तिला शुल्क नाही आणि वकील असण्याची अट नाही. कार्यालय दुसऱ्या पक्षाला कळवते, दोन्ही बाजूंची कागदपत्रे आणि साक्षी घेते, आणि मध्येच दोघांना मान्य होणारी तडजोड निघते का हे पाहते. तडजोड न झाल्यास भेदभाव झाल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे किंवा नाही, असा लेखी निष्कर्ष दिला जातो, आणि कारण आढळल्यास प्रकरण पुढे सुनावणीपर्यंत जाऊ शकते. तक्रारदार पुढे आला नसतानाही कार्यालयाचे संचालक स्वतःहून कारवाई सुरू करू शकतात, ही तरतूद मला सर्वांत उपयोगाची वाटते.

घरांच्या बाबतीत या कार्यालयाने वंशभेद शोधण्याची एक पद्धत वापरली आहे. सारखे उत्पन्न आणि सारखी पार्श्वभूमी सांगणाऱ्या, पण वेगवेगळ्या वंशांच्या दोन व्यक्तींना एकाच रिकाम्या घराची चौकशी करायला पाठवायचे आणि दोघांना मिळालेल्या उत्तरांची तुलना करायची. एकाला ‘उद्या येऊन घर पाहा’ आणि दुसऱ्याला ‘घर गेले’ असे उत्तर मिळाले, की पुरावा हाती येतो. जातीच्या बाबतीत ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, कारण जात चेहऱ्यावर दिसत नाही. ती आडनावावरून, मूळ गावावरून, मांसाहाराच्या चौकशीवरून, घरातल्या तसबिरीवरून काढून घेतली जाते. निळीवाट यांनी ज्या गृहस्थांविषयी लिहिले त्यांनी जेवणाच्या टेबलावरचा प्रश्न भाषणातून खोडला. अन्वेषण करणाऱ्या अधिकाऱ्याने तो प्रश्न मात्र तक्रारीत पहिल्या क्रमांकावर लिहून घेतला पाहिजे: तो कोणी विचारला, कोणत्या तारखेला, त्या वेळी आणखी कोण बसले होते, आणि त्यानंतर कामाची वाटणी कशी बदलली. आडनावाचा किंवा गावाचा प्रश्न साध्या ओळखीचा होता की जात काढण्याचा, हे अमेरिकेत वाढलेल्या अधिकाऱ्याला आपणहून कळणार नाही, ते त्याला शिकवावे लागेल. ती शिकवणी देण्यासाठी लागणारा पैसा दर वर्षी शहराच्या अंदाजपत्रकात मागणे आणि त्या कार्यालयाच्या कामाचा हिशेब सभागृहात विचारणे हे सावंत यांच्यानंतर प्रभाग तीनच्या आणि इतर आठ नगरसेवकांचे काम आहे. सिॲटलमध्ये मत असलेल्या मराठी मंडळींनी आपल्या नगरसेवकाला अंदाजपत्रकाच्या सुनावणीत हाच प्रश्न विचारावा, असे मी सुचवतो.